संत पॅट्रिकची हिरवी मिरवणूक

डब्लिन शहराच्या बॉल्सब्रिज भागात रॉयल डब्लिन सोसायटी या प्रतिष्ठित संस्थेच्या आवारात श्वानांचे एक वार्षिक प्रदर्शन भरत असे, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात दर सतरा मार्चला त्या प्रदर्शनास अशा अनेक सद्गृहस्थांची हजेरी लागे, की ज्यांच्या घरी कुत्रे नव्हते, ज्यांना कुत्र्यांच्या जातिकुळाविषयी यत्किंचितही जिज्ञासा नव्हती, आणि ज्यांची पावले आत शिरताच थेट मद्यविक्रीच्या दालनाकडे वळत. याचे कारण असे, की आयरिश फ्री स्टेटचे न्यायमंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांच्या पुढाकाराने १९२७ साली संमत झालेल्या कायद्यान्वये राष्ट्रसंत पॅट्रिकच्या दिवशी देशातील मद्यगृहे बंद ठेवण्याचा हुकूम सुटला होता, आणि सरकारी परवाना शाबूत राहिलेल्या मोजक्या जागांपैकी हे प्रदर्शन राजधानीच्या रहिवाशांस सर्वांत सोयीचे होते. ही बंदी १९६० च्या सुमारास उठली. ज्या दिवसाचे नाव काढताच आज जगाच्या डोळ्यांपुढे फेसाळते पेले उभे राहतात, तो दिवस स्वदेशी तीसेक वर्षे कायद्याने कोरडा होता. आणि सणाचे दप्तर आणखी थोडे चाळले, तर त्याच्या बहुतेक गाजलेल्या प्रथांचे जन्मस्थान आयर्लंडबाहेरच कोठेतरी निघते.

खुद्द संताचीही गोष्ट निराळी नाही. पॅट्रिक हा पाचव्या शतकातला, रोमन अमलाखालील ब्रिटनमध्ये एका सुखवस्तू कुटुंबात जन्मलेला. त्याचे वडील कॅल्पर्नियस हे चर्चचे सेवक आणि नगराच्या कारभारातील अधिकारी, तर आजोबा धर्मगुरू. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश चाच्यांनी त्याला पळवून नेले आणि सहा वर्षे त्याने त्या परक्या बेटावर गुलाम म्हणून गुरेमेंढरे राखली. पुढे तो निसटून घरी पोहोचला, धर्मदीक्षा घेतली, आणि ज्यांनी दास्यात ठेवले त्यांच्याच देशी बिशप होऊन परतला. हा वृत्तान्त त्याच्याच लॅटिन आत्मनिवेदनातून आपल्याला कळतो. त्याचे दुसरे उपलब्ध लेखन म्हणजे कोरोटिकस नामक सरदाराच्या सैनिकांनी नवख्रिस्ती आयरिश स्त्रीपुरुषांना पकडून विकले, त्याबद्दल त्या सैनिकांना लिहिलेले एक संतप्त पत्र. सतरा मार्च ही त्याची पुण्यतिथी मानली जाते. रीतसर चौकशी करून पोपने संतपद बहाल करण्याची पद्धत त्या काळी रुजलेलीच नव्हती, तेव्हा त्याच्या संतत्वाची कोणतीही सनद रोमच्या दप्तरी नाही. लोकांनी त्याला संत म्हटले, आणि धर्मसत्तेने ते पुढे मानले, एवढेच. वॉटरफर्ड येथे जन्मलेला आणि रोममध्ये वास्तव्य करणारा ल्यूक वॉडिंग हा फ्रान्सिस्कन पंडित सतराव्या शतकात खटपट करता झाला, तेव्हा कुठे हा दिवस सार्वत्रिक चर्चच्या पंचांगात दाखल झाला.

पॅट्रिकने आयर्लंडमधील सर्व साप समुद्रात हाकलून दिले, ही कथा तर आबालवृद्धांस मुखोद्गत आहे. मेयो परगण्यात क्रोघ पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंचीचा, खडकाळ, निसरड्या वाटांचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर संताने चाळीस दिवस उपोषण केले आणि तेथूनच सर्पांना देशोधडीला लावले, असे भाविक सांगतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू तो डोंगर चढतात, आणि त्यांतील काही अनवाणी. परंतु पॅट्रिकच्या जन्माच्या सुमारे शतकभर आधी होऊन गेलेल्या सोलिनस या लॅटिन लेखकानेच या बेटावर साप नसल्याचे नमूद करून ठेवले आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढली, ब्रिटनपर्यंत पोहोचलेल्या सापांना पुढची वाट उरली नाही, आणि आयर्लंडच्या भूमीवर मूळचा असा एकच सरपटणारा प्राणी राहिला, तो म्हणजे एक लहानशी, पिलांना जन्म देणारी पाल. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डनेही या सर्पकथेवर शंका घेतली होती. संशयवाद्यांनी आठशे वर्षे आक्षेप नोंदवावेत आणि चित्रकारांनी तरीही संताच्या पायाशी वेटोळी रंगवीतच राहावीत, यातच कथेचा विजय आहे.

शॅमरॉक या त्रिदली पानाची हकीकत अधिक रसाळ आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकाच ईश्वराची तीन रूपे कशी, हे पॅट्रिकने एका देठावरची तीन पाने दाखवून समजावले, असे सांगतात. तथापि संताच्या लेखनात त्याचा मागमूस नाही, आणि ही आख्यायिका लेखी स्वरूपात प्रथम भेटते ती १७२६ साली, केलेब थ्रेल्केल्ड या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात. त्यापूर्वी १६८१ मध्ये आयर्लंडचा प्रवास करणाऱ्या टॉमस डाइनली या इंग्रज गृहस्थाने त्या दिवशी सामान्यजन हे पान अंगावर लावतात आणि श्वास सुगंधी व्हावा म्हणून खातातही, अशी नोंद करून ठेवली आहे. मग खरा शॅमरॉक कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॅथॅनियल कोलगन या चिकित्सक संशोधकाने वेगवेगळ्या परगण्यांतील लोकांकडून, त्यांच्या मते अस्सल असलेली रोपे मुळासकट मागवली, ती लावली, आणि फुलोरा येईपर्यंत वाट पाहिली. कारण मार्चमध्ये कोवळी पाने सर्व सारखीच दिसतात. निष्कर्ष असा, की कोणाचा शॅमरॉक पिवळ्या फुलांचे बारीक क्लोव्हर, तर कोणाचा पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर निघाला, आणि काहींनी तर भलतेच रोप पाठवले होते. जवळपास शतकाने, १९८८ साली, चार्ल्स नेल्सन यांनी हीच पाहणी पुन्हा केली तेव्हाही उत्तर फारसे बदलले नाही. शॅमरॉक नावाची स्वतंत्र वनस्पती अस्तित्वातच नाही. जे पान आयरिश माणूस सतरा मार्चला कोटाला लावतो, ते शॅमरॉक. शास्त्रीय व्याख्यांमध्ये मला ही सर्वांत समंजस वाटते.

दिवस मावळताना हे दिवसभर मिरवलेले पान अखेरच्या पेल्यात बुडवून, यजमानाचे आरोग्य चिंतून, पेला रिता करून पान डाव्या खांद्यावरून मागे टाकावयाचे, असा जुना रिवाज होता आणि त्याला शॅमरॉक बुडवणे असे म्हणत. लहान मुले कागदावर रंगवलेले क्रूस आणि मुली रंगीत फिती लावीत. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा दिवस बटाट्याच्या लागवडीचा मुहूर्त. शिवाय त्या दिवसापासून दगडाची उबदार बाजू वर येते, अशी समजूत, म्हणजे थंडीचा जोर ओसरला. चाळीस दिवसांचा लेंट हा उपवासकाळ आपल्या चातुर्मासासारखाच पथ्याचा, आणि सतरा मार्च हटकून त्याच्या पोटात पडतो. परंतु राष्ट्रसंताच्या मानासाठी त्या एका दिवसापुरती मांसाची व मद्याची मुभा मिळे, आणि मेजवानीचे मूळ तेथेच आहे. क्वचित पंचांगाचाही पेच पडतो. २००८ साली सतरा मार्च पवित्र आठवड्यातला सोमवार ठरला, त्यामुळे चर्चने सण दोन दिवस अलीकडे आणला, मिरवणुका मात्र मूळ तारखेलाच निघाल्या.

रंगाचे म्हणाल तर हिरवा हा पॅट्रिकचा जुना रंग नव्हे. तिसऱ्या जॉर्जने १७८३ मध्ये ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक हा मानाचा किताब स्थापन केला, तेव्हा त्याच्या सन्मानचिन्हास आकाशी निळी फीत लावली. आयरिश राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजाची पार्श्वभूमी आजही निळीच आहे. हिरव्या रंगास राष्ट्रभक्तीचा अर्थ आला तो मुख्यतः १७९८ च्या युनायटेड आयरिशमेन यांच्या बंडामुळे. आणि ज्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध ते बंड होते, तिच्याच राणीने, व्हिक्टोरियाने, दक्षिण आफ्रिकेतील युद्धात आयरिश पलटणींनी गाजवलेल्या पराक्रमाची कदर म्हणून १९०० साली त्यांच्या शिपायांना सतरा मार्चला शॅमरॉक लावण्याची परवानगी दिली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या आयरिश गार्ड्स पलटणीत या दिवशी शॅमरॉक वाटण्याची चाल अद्याप चालू आहे, आणि पलटणीबरोबर संचलन करणारा वुल्फहाउंड जातीचा धिप्पाड कुत्राही आपल्या वाट्याची जुडी गळपट्ट्यास बांधून घेतो.

मिरवणुकीचा इतिहास सर्वस्वी समुद्रापलीकडचा आहे. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन या तेव्हाच्या स्पॅनिश ठाण्यावर १६०१ साली एका आयरिश धर्मगुरूच्या उपस्थितीत पॅट्रिकच्या नावाने मिरवणूक निघाल्याची नोंद अलीकडे स्पॅनिश दप्तरात सापडली. बॉस्टनमध्ये १७३७ साली आयरिश मंडळींनी हा दिवस साजरा केला, आणि न्यूयॉर्कमध्ये १७६२ साली ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपाई रस्त्यावरून निघाले; त्या शहराची मिरवणूक आज दीड लाखांच्या घरातील पायी चालणाऱ्यांची असते आणि तिच्या मार्गावर हिरवी रेघ ओढली जाते. दुष्काळाने व दारिद्र्याने देशोधडीस लागलेल्या, 'आयरिश उमेदवारांनी अर्ज करू नयेत' अशा जाहिराती वाचण्याची पाळी आलेल्या माणसांना वर्षातून एकदा भर रस्त्याने ताठ मानेने चालावेसे वाटले, यात आश्चर्य काहीच नाही. घरी राहिलेल्यांना तशी गरज भासली नाही. सतरा मार्च सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो १९०३ साली, जेम्स ओ'मारा या खासदाराने वेस्टमिन्स्टरच्या संसदेत मांडलेल्या विधेयकामुळे, आणि आयर्लंडमधील पहिली मिरवणूकही त्याच वर्षी वॉटरफर्ड शहरात निघाली. डब्लिनचा आजचा बहुदिवसीय, रोषणाईचा आणि विदूषकी रथांचा उत्सव १९९६ पासूनचा. तोही जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे २००१ मध्ये मे महिन्यापर्यंत लांबणीवर टाकावा लागला होता. न्यूयॉर्कच्या मैलोगणती मिरवणुकीहून मला अधिक भावते ती कॉर्क परगण्यातील ड्रिप्सी या खेड्याची, जी एका मद्यगृहाच्या दारातून निघून दुसऱ्या मद्यगृहाच्या दारात, जेमतेम पंचवीस यार्डांवर समाप्त होत असे आणि जगातील सर्वांत लहान म्हणून स्वतःची जाहिरात करी. त्यांपैकी एक मद्यगृह बंद पडल्यावर मिरवणुकीस मुक्कामाचे ठिकाणच उरले नाही.

शिकागोची नदी हिरवी करण्याची कल्पना नळकारागिरांच्या संघटनेचे पुढारी स्टीफन बेली यांची. नदीत सांडपाणी कोठून झिरपते हे शोधण्यासाठी कामगार पाण्यात एक रंगद्रव्य सोडीत, आणि त्याने हिरवाकंच झालेला एका कामगाराचा अंगरखा पाहून बेलींना संपूर्ण नदी रंगवण्याची बुद्धी झाली. १९६२ साली पहिल्या प्रयोगात शंभर पौंड रंग ओतला गेला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. प्रमाण हळूहळू कमी करून आता सुमारे चाळीस पौंड वनस्पतिजन्य भुकटी वापरतात. मौज अशी, की ही भुकटी पाण्यात पडेपर्यंत नारिंगी असते, आणि नारिंगी हा तर आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट पक्षाचा रंग.

खाद्यपदार्थही प्रवासातच बदलले. सणाला अमेरिकेत खातात ते खारवलेले गोमांस आणि कोबी. आयर्लंडात मात्र घरोघरी डुकराच्या खारवलेल्या मांसाचा प्रघात. न्यूयॉर्कमध्ये उतरलेल्या गरीब आयरिश कुटुंबांना शेजारच्या ज्यू खाटकाकडील खारवलेले गोमांस स्वस्त पडले आणि तेच परंपरा बनले. न्यूयॉर्कच्याच एका डॉक्टरने १९१४ साली बिअरला हिरवा रंग आणला, तो कपड्यांना द्यावयाची नीळ थेंबभर घालून, असे तत्कालीन वृत्तपत्रात छापून आले आहे. वाचकांनी घरी तसले प्रयोग करू नयेत. हिरवे न नेसणाऱ्यास चिमटा काढण्याची चालही अमेरिकेतलीच. पूर्वी लाल कोट घालून चपला शिवणारा लेप्रकॉन हा बुटका यक्ष हिरव्या टोपीत शिरला, तोही तिकडच्या भेटकार्डांच्या कृपेने.

कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरॅट या चिमुकल्या बेटाची कहाणी मात्र हसण्याची नाही. तेथील जमीनदारांत आयरिश बरेच होते, आणि १७६८ साली सतरा मार्चला मालक लोक सणाच्या नशेत असतील, हा अंदाज बांधून आफ्रिकी गुलामांनी उठावाचा बेत केला. बेत फुटला, आणि म्होरक्यांना फाशी देण्यात आले. आज त्या बेटावर सतरा मार्च ही सार्वजनिक सुट्टी आहे आणि ती त्या उठावाच्या स्मरणार्थ पाळली जाते. स्वतः दास्य भोगलेल्या आणि माणसे विकणाऱ्यांना शाप देणाऱ्या पॅट्रिकला, माझ्या मते, या सर्व उत्सवांपैकी हाच आपला वाटला असता.

पुण्यातही या संताचा एक पत्ता आहे. एम्प्रेस गार्डन आणि रेसकोर्स यांच्या सान्निध्यात असलेले सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, छावणीतील आयरिश कॅथलिक शिपायांसाठी उभारले गेले आणि पुढे पुणे धर्मप्रांताचे मुख्य देवालय झाले. वॉशिंग्टनच्या दरबारातही मराठी नाव एका प्रथेशी जोडले गेले आहे. आयर्लंडचे राजदूत जॉन हर्न यांनी १९५२ साली अध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची एक छोटी पेटी पाठवली. ट्रुमन त्या वेळी राजधानीत नव्हते, तरी प्रथा रुजली आणि आता दरसाल आयरिश पंतप्रधान स्फटिकाच्या भांड्यात शॅमरॉक घेऊन व्हाइट हाउसला जातात. भांडे सरकारी संग्रहात जमा होते, आणि पाने सुरक्षेच्या नियमांनुसार नष्ट केली जातात. मालवण तालुक्यातील वराड गावाशी ज्यांच्या वडिलांचे घराणे निगडित आहे, त्या लिओ वराडकर यांनी हे भांडे पंतप्रधान या नात्याने अनेकदा नेले. १७ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते अध्यक्ष बायडन यांच्या हाती दिले, आणि तिसऱ्याच दिवशी डब्लिनमध्ये पंतप्रधानपद सोडत असल्याचे जाहीर केले.