मोटारीच्या कमानी आणि घाटांतील वळणें

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेला रस्ता सुमारें ५५ किलोमीटरांवर गगनबावड्यास पोहोंचतो आणि तेथून करूळ व भुईबावडा अशा दोन घाटांनीं कोकणांत उतरतो. शहरांतल्या रस्त्यांवर जी मोटार शहाण्यासारखी वागते, तीच या घाटांच्या वळणावर एका अंगास कलते, खड्डा लागतांच बाजूला सरकते, आणि मागें बसलेलीं माणसें आधाराला हात शोधूं लागतात. घरीं परतल्यावर मालकाच्या मनांत येतें कीं, गाडीच्या कमानी मऊ आहेत. त्या काढून कडक बसवाव्या आणि गाडी दोन बोटें खालीं घ्यावी, म्हणजे झालें. हा उपाय दिसतो तितका सरळ नाहीं.

मोटार रस्त्याला धरून असते ती केवळ चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीस लागलेला असतो. वळणें, थांबणें, वेग घेणें हें सर्व त्याच्यावर अवलंबून. म्हणून कमानीचें काम बसणारांस सुख देणें एवढेंच नाहीं. रस्ता वरखालीं झाला तरी चाकानें त्याचा पिच्छा सोडूं नये, हेंही तिनेंच पाहावयाचें असतें.

परंतु कमान एकदां दबली कीं उसळते, आणि उसळली कीं पुन्हां दबते. तिला आवर घालणारें साधन म्हणजे शॉक-अब्सॉर्बर. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें. दट्ट्या हलतांना तें बारीक छिद्रांतून ढकललें जातें, आणि उसळीचें बळ उष्णतेंत जिरून जातें. जुन्या टांग्यांच्या कमानींत हें काम पोलादी पाट्यांच्या आपसांतील घर्षणानें थोडेंफार होत असे. शॉक-अब्सॉर्बर निकामी झाला, तर कमान कितीही चांगली असो, चाक रस्त्यावर नाचत राहतें. आणि जितका वेळ तें हवेंत, तितका वेळ त्या चाकापुरते स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी.

कडक कमानीनें गाडी वळणावर कमी कलते, हें खरें. गुळगुळीत रस्त्यावर त्याचा लाभही होतो. पण पावसानें उखडलेल्या रस्त्यावर ती चाकाला मोकळेपणीं वरखालीं होऊं देत नाहीं. धक्क्यानें गाडीच उचलली जाते आणि टायरची पकड सुटते. १९३४ च्या आपल्या कांहीं गाड्यांत अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें पुढचीं दोन चाकें एका आंसावर न जोडतां स्वतंत्र कमानींवर बसविलीं. त्या कामांत अग्रेसर असलेला अभियंता मॉरिस ऑली यानें पुढच्या कमानी पूर्वींपेक्षां मऊ केल्या, आणि तरीही गाडी अधिक स्थिर चालूं लागली. कडकपणा आणि पकड हीं एक नव्हेत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरांत ओतकाम व लेथकाम यांत मुरलेले कारागीर आहेत. मोटारीचा एखादा भाग बदलून घेणें येथें कोणास कठीण वाटत नाहीं. सोय हाताशीं असली कीं मोहही होतो. गाडी खालीं आणण्यासाठीं कमानीचें एखादें वेटोळें कापणें, किंवा ती तापवून बसविणें, हे असेच दोन मोह. वेटोळें कापल्यानें कमान आंखूड होतेच, पण अधिक कडकही होते, आणि चाक खड्ड्यांत लोंबतांच ती आपल्या बैठकींतून निसटूं शकते. तापविल्यानें पोलादाचें पाणी उतरतें. शिवाय नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मालकास मनाई करतें.

सुधारणेस आरंभ करावयाचा तो टायरपासून. त्यांची झीज व हवेचा दाब आधीं पाहावा. नंतर उभ्या गाडीचा एक कोपरा जोरानें दाबून सोडावा. एका हेलकाव्यांत ती स्थिरावली तर ठीक. झुलत राहिली किंवा नळकांड्यावर तेल पाझरलेलें दिसलें, तर शॉक-अब्सॉर्बर बदलावा, आणि तो एकटा नव्हे, त्याच आंसावरील जोडीदारासह. मग झिजलेले रबरी बुश बदलून चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. पुष्कळ गाड्यांचें दुखणें येथेंच बरें होतें.

एवढ्यानें न भागल्यास डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा विचार करावा. एक चाक वर व दुसरें खालीं जाऊं लागलें कीं तो पिळला जाऊन गाडीचा कल रोखतो. पण पुढचा दांडा फार जाड झाला तर गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते, आणि मागचा झाला तर तिचें शेपूट बाहेर फेकलें जातें. कमानी बदलण्याची वेळ सर्वांत शेवटीं. आणि तेव्हांही त्या गाडीसाठींच केलेल्या, थोड्याच कडक, व त्यांना साजेशा शॉक-अब्सॉर्बरांसह घ्याव्या.

मे महिन्यांत ही तपासणी झाली, तर जूनच्या पावसांत करूळच्या वळणावर गाडी थोडी कलेलही; पण तिचीं चाकें रस्ता धरून राहतील, आणि मागें बसलेल्या मुलाबाळांना आधार शोधण्याची पाळी येणार नाहीं.