शाळेची मॅच मोबाईलवरून लाइव्ह कशी दाखवायची? प्रेस बॉक्स नसला तरी चालेल!

१९ जानेवारी २०२५. दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल. भारताच्या महिला टीमने नेपाळला ७८-४० ने हरवलं. टीमची कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. ती मॅच देशभर टीव्हीवर दिसली.

पण त्याच बीड जिल्ह्यात एखाद्या शाळेची कबड्डी किंवा खो-खोची मॅच बघायची असेल तर? मैदानाच्या कडेला उभं राहणं हाच एक मार्ग. आणि इथल्या बऱ्याच आईवडिलांना नेमकं तेच जमत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचं स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सव मात्र डिसेंबर-जानेवारीतच असतात. पोरगं मॅच जिंकतं आणि घरच्यांना ते फोनवर फक्त ऐकायला मिळतं.

हे बदलायला फार पैसे लागत नाहीत. दोन मोबाईल आणि थोडी समज पुरते.

प्रेस बॉक्स नेमकं काय देतो?

मोठ्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या वर, मैदानाच्या मध्यासमोर एक खोली असते. पत्रकार, कॉमेंट्री करणारे आणि कॅमेरे तिथे बसतात. अमेरिकेत तर अनेक हायस्कूलच्या मैदानांवरही अशी खोली असते आणि तिथून शाळेच्या मॅच नेटवर दाखवतात.

ती खोली चार गोष्टी देते: उंची, सावली, वीज आणि भरवशाचं नेट. या चार गोष्टी आपण वेगळ्या जमवू शकतो.

१. उंची

जमिनीवरून शूटिंग केलं की पुढे उभ्या पोरांची डोकीच दिसतात. खेळाडू एकमेकांच्या आड जातात ते वेगळंच. शाळेच्या पहिल्या मजल्याची गॅलरी किंवा कठडा असलेली गच्ची बेस्ट. ती नसेल तर ट्रॅक्टरची ट्रॉली. फोन आडवा धरा आणि ट्रायपॉडवर घट्ट बसवा.

अंतर किती? खो-खोचं मोठ्या गटाचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. दोन्ही खांब एका फ्रेममध्ये हवेत, तर लांब बाजूच्या मध्यावर, रेषेपासून साधारण २० मीटर मागे थांबा. कबड्डीचं मैदान लहान, तिथे मध्यरेषेसमोर १०-१२ मीटरवर भागतं. झूम टाळा, चित्र फाटतं.

२. सावली आणि वीज

लाइव्ह करताना फोन एकाच वेळी शूट करतो, व्हिडिओ लहान करतो आणि पाठवतो. त्यात डोक्यावर ऊन असलं की तो तापतो, मग स्वतःचा वेग कमी करतो, कधी ॲपच बंद पडतं. म्हणून कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा, वर छत्री बांधा. लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे पॉवरबँक जोडूनच ठेवा.

३. नेट: खरी गोची इथेच

"माझ्या फोनवर रील्स मस्त चालतात, मग लाइव्ह का अडकतं?" कारण रील बघताना डाउनलोड होतं आणि लाइव्ह करताना अपलोड. ४जी-५जीच्या अनेक बँडमध्ये टॉवर आणि फोन एकच फ्रिक्वेन्सी वेळ वाटून वापरतात. थोडा वेळ टॉवर बोलतो, थोडा वेळ फोन. लोक पाठवतात कमी, बघतात जास्त, म्हणून कंपन्या टॉवरला जास्त वेळ देतात. शिवाय टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो आणि आपला फोन जेमतेम ०.२ वॅटने. म्हणजे फोनला टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला फोन नीट ऐकू येईलच असं नाही.

आता हिशोब. ७२०पी व्हिडिओ २.५ एमबीपीएसने पाठवला, तर तासाला २.५ × ३६०० = ९००० मेगाबिट. त्याला ८ ने भागा: ११२५ एमबी, म्हणजे १.१ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये एक मॅच कशीबशी बसेल. ४८०पी आणि १ एमबीपीएस ठेवलं तर तासाला फक्त ४५० एमबी.

- स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. तो तुमच्या बिटरेटच्या दुप्पट हवा.
- टेस्ट आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर करून समाधान मानू नका. गर्दी जमली की तोच टॉवर सगळ्यांत वाटला जातो.
- सिम दुसऱ्या फोनमध्ये ठेवा. तो फोन उंचावर, रेंजच्या जागी ठेवून हॉटस्पॉट द्या. कॅमेऱ्याचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा. मग ऐन चढाईत कुणाचा कॉल येऊन लाइव्ह तुटणार नाही.

४. आवाज

फोनचा माइक लांबून वाऱ्याचाच आवाज जास्त पकडतो. साधा वायरवाला कॉलर माइक लावा आणि वर्गातल्या बोलक्या पोराला कॉमेंट्रीला बसवा. स्कोअर तो दर दोन मिनिटांनी सांगेल. एक सावधगिरी: लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी वाजत असतील, तर कॉपीराइटमुळे यूट्यूब लाइव्ह थांबवू शकतं. मॅच चालू असेपर्यंत गाणी बंद.

आधी करायची कामं

यूट्यूब चॅनल फोन नंबरने व्हेरिफाय करा. लाइव्ह पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे मॅचच्या सकाळी धावपळ नको. मोबाईलवरून लाइव्हसाठी ५० सबस्क्रायबर लागतात, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते एका संध्याकाळी होतात. स्वतः लाइव्ह करणाऱ्याचं वय १६ पूर्ण हवं, तेव्हा चॅनल शाळेचं किंवा सरांचं असू द्या.

खेळाडू अल्पवयीन असतात. म्हणून मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घ्या, व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा आणि चॅट बंद करा. लिंक ज्याच्याकडे असेल त्यालाच मॅच दिसेल. अर्थात लिंक पुढे पाठवता येते, तेवढं पालकांना सांगून ठेवा.

तिकडे काय दिसतं?

यूट्यूब तुमच्या व्हिडिओचे छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याच्या कमी-जास्त क्वालिटीच्या प्रती बनवतं आणि मग पुढे पाठवतं. बघणाऱ्याचा फोनही काही तुकडे आधी साठवून ठेवतो. म्हणून लाइव्ह १५-३० सेकंद मागे असतं. ते कमी करायच्या नादी लागू नका. हा साठाच रेंज मध्येच गेली तर चित्र अडकू देत नाही.

याच प्रतींमुळे तुम्ही ७२०पी पाठवलं तरी फडात कमी रेंजवर असलेल्या आईला ते २४०पीमध्ये बघता येतं. आणि मॅचच्या वेळी ती ऊस तोडत असेल तर? लाइव्ह संपल्यावर रेकॉर्डिंग चॅनलवर राहतं. ते डिलीट करू नका. लिंक पुन्हा एकदा ग्रुपवर टाका आणि सोबत लिहा, कुणाची चढाई कितव्या मिनिटाला आहे. रात्री कोपीवर भाकरी झाल्यावर नेमकं तेवढंच बघायचं असतं.