एक-दशांशाची मोजपट्टी

डिसेंबर 2022 मध्ये गुजरात विधानसभेच्या 182 पैकी 156 जागा भाजपने जिंकल्या. बडोदे शहरातल्या पाचही जागा त्यातच होत्या. काँग्रेसला 17 आणि आम आदमी पक्षाला 5 जागा मिळाल्या. सतरा हा आकडा सभागृहाच्या एक-दशांशाला थोडक्यात कमी पडला, म्हणून काँग्रेसच्या नेत्याला विरोधी पक्षनेत्याची मान्यता नाकारली गेली. पण मते मोजली तर चित्र निराळे दिसते. काँग्रेसला सुमारे 27 टक्के आणि ‘आप’ला सुमारे 13 टक्के मते पडली होती, म्हणजे राज्यातल्या दर पाच मतांपैकी दोन. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात राहून यांपैकी एका पक्षाला मत देणाऱ्याच्या पसंतीचा एकही आमदार शहरातून निवडून आला नाही, आणि त्याची बाजू अधिकाराने मांडणारे पदही विधानसभेत उरले नाही.

ही एक-दशांशाची मोजपट्टी आली कुठून? तिचे जनकत्व दिले जाते ते बडोद्यातच 1888 साली जन्मलेल्या गणेश वासुदेव मावळंकरांना. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले हे दादासाहेब 1952 मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. सभागृहाची गणसंख्या एक-दशांश असते. संसदीय पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर निदान तेवढे सदस्य असावेत, असा त्यांचा दंडक होता. बसण्याच्या जागा आणि बोलण्याची वेळ यांची वाटणी करताना विस्कळीत गटांना आळा बसावा, हा त्यामागचा व्यवहार. 1977 च्या केंद्रीय कायद्याने मात्र विरोधी पक्षनेत्याची व्याख्या वेगळी केली: विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता. त्यात दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. हा कायदा जनता पक्षाच्या राजवटीत झाला, आणि तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. आपल्याला हरवू पाहणाऱ्यालाच मंत्र्याचा दर्जा देण्याचे शहाणपण त्यात होते.

या शहाणपणाला मोठी परंपरा आहे. 1826 साली ब्रिटिश संसदेत जॉन कॅम हॉबहाउस यांनी ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ हा शब्द काहीसा गमतीने वापरला. 1937 मध्ये त्याच देशाने विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू केला. सरकारशी भांडणे म्हणजे राज्याशी द्रोह नव्हे, हे तत्त्व त्यातून रुजले. आपल्याकडे विरोधकांची निष्ठा राज्यघटनेशी असते. 1967 मध्ये राजकोटहून निवडून आलेले स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी संसदेच्या लोकलेखा समितीचे विरोधी बाकांवरून आलेले पहिले अध्यक्ष झाले. खर्च करणाऱ्याने स्वतःच हिशेब तपासू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता.

‘लोकांनीच नाकारले, तर पद कशाला?’ हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण लोकांनी त्यांना नाकारले ते राज्य करण्यासाठी. प्रश्न विचारण्याचे काम मतदारांनी रद्द केलेले नाही. पद रिकामे राहिले की काय होते, हे लोकपालाच्या बाबतीत दिसले. कायदा 2014 मध्ये लागू झाला, निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा होता, आणि लोकसभेत तो नव्हता. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावाचून नेमणुकीला अडसर नाही असे सांगितले, तरी पहिला लोकपाल आला 2019 मध्ये. उलट दिल्लीत 2015 साली 70 पैकी फक्त 3 आमदार असलेल्या भाजपच्या नेत्याला ‘आप’च्या राजवटीत हे पद मिळाले. मोजपट्टी लवचीक आहे. प्रश्न मनाच्या मोठेपणाचा आहे.

‘विरोधक नुसता गोंधळ घालतात’ हा दुसरा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. शिवाय गुजरातेत काँग्रेसचे काही आमदार पुढे राजीनामे देऊन सत्ताधारी पक्षात गेले. विरोधात बसवणाऱ्या मतदाराशी निष्ठा न राखणाऱ्यांनी पदासाठी गळा काढावा, हे शोभत नाही. मात्र उपाय विरोधकांना सुधारण्याचा हवा, त्यांची खुर्ची काढून घेण्याचा नव्हे. जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलांसह 14 जण गेले, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालय घटनेनंतर विचारते; तलावाचे कंत्राट देतानाच विचारणे हे विरोधकाचे काम.

महाराष्ट्रातही 2024 च्या निवडणुकीत 288 च्या सभागृहात विरोधातल्या एकाही पक्षाला 29 आमदार मिळाले नाहीत आणि हे पद रिकामे राहिले. सत्ताधाऱ्यांनी गुजरातचीच जुनी वही उघडावी: 1985 साली तिथे काँग्रेसचे 149 आमदार होते, भाजपचे 11. दहा वर्षांत भाजप स्वबळावर सत्तेत आला. त्या अकरांना बोलू दिले गेले म्हणूनच लोकांना दुसरा पर्याय दिसला.