नेस्बिटसाहेबांकडचं जेवण

विल्सन कॉलेजात प्रवेश मिळाल्याचे पेढे मी आमच्या करी रोडच्या चाळीत वाटले, तेव्हा टोकाच्या खोलीतल्या आजींनी पेढा हातात घेतला, पण लगेच तोंडात टाकला नाही. आईला म्हणाल्या, "मिशनचं ना गं ते कॉलेज? पोरगा बाटायचा नाही ना?" आई हसली. दुसऱ्या दिवशी डबा भरताना मात्र म्हणाली, "तिथलं काय खाऊ नको हां."

करी रोडहून चालत लोअर परळ, तिथून स्लो गाडीने चर्नी रोड आणि मग समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत कॉलेज. पहिल्याच दिवशी डबा तसाच ठेवून मी कँटीनमध्ये बनमस्का खाल्ला. काही झालं नाही. पण आजींचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तो प्रश्न किती जुना आहे आणि या कॉलेजच्या पायाशी कसा रुतून बसला आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. दादरच्या ग्रंथालयात एका पावसाळी दुपारी ग. गं. जांभेकरांनी 1950 मध्ये संपादित केलेले बाळशास्त्री जांभेकरांचे तीन खंड चाळत होतो. शोधत होतो त्यांच्या 'दर्पण' पत्राबद्दल काहीतरी, आणि हाती लागला एक बारा वर्षांचा मुलगा. त्यानंतर 'दर्पण' राहिलंच.

डॉ. जॉन विल्सन यांची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती भरभर सांगतो. स्कॉटलंडच्या लॉडर गावचा हा माणूस 1829 मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरला. मार्गारेटबाई मराठी शिकल्या आणि त्यांनी वर्षभरात मुलींच्या शाळा उघडल्या. 1835 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या शाळेचं रोप आज गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेच्या रूपात उभं आहे. विल्सन यांनी 1832 मध्ये गिरगावात आंब्रोलीला इंग्रजी शाळा काढली, तीच कॉलेजची गंगोत्री. वाद घालायची त्यांना भारी हौस. 1831 मध्ये मोरभट दांडेकर शास्त्रींशी जाहीर वाद झाला, मग दोन्हीकडून पुस्तकं निघाली. खरं सांगायचं तर विल्सन यांचं हे वादाचं लेखन मला कंटाळवाणं वाटतं. समोरच्याचं ऐकण्याआधीच त्यांचा निकाल ठरलेला असतो. पण हाच माणूस 1835 मध्ये गिरनारच्या पायथ्याशी अशोकाच्या शिलालेखाची नक्कल उतरवून घेतो, ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचते आणि ब्राह्मी लिपी वाचण्याच्या कामाला हातभार लागतो. तिथे मात्र मी त्यांना नमस्कार करतो.

शाळा चालली ती इंग्रजीमुळे. सरकारी पाठबळाच्या एल्फिन्स्टन संस्थेत धर्म शिकवायचा नाही असा दंडक, आंब्रोलीत बायबल सक्तीचं. तरीही हिंदू आणि पारशी आईबाप पोरांना पाठवत. हिशेब सरळ होता: इंग्रजी घ्यावं आणि बायबल एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडावं. मिशनचा हिशेब बरोबर उलटा. दोघंही एकमेकांना ओळखून होते आणि काही वर्षं हा व्यवहार विनातक्रार चालला.

1839 च्या मे महिन्यात तो फिसकटला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी पंचायत खवळली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. धनजीभाई सोळा वर्षांचे होते. स्वतःचा निर्णय घेण्याइतके मोठे आहेत, असं कोर्टाने म्हटलं आणि ते मिशनकडेच राहिले. शाळेतली पारशी मुलं एका फटक्यात गेली, हिंदूंचीही बाकं ओस पडली. कज्जा जिंकून शाळा हरली होती.

आता 1843. एका वर्षात इतकं काही घडावं! विल्सन जानेवारीतच धनजीभाईंना बरोबर घेऊन इजिप्त, पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाले होते. मे महिन्यात एडिंबरोला स्कॉटलंडचं चर्च उभं फुटलं. पाद्री नेमायचा हक्क जमीनदारांचा की मंडळीचा, या वादातून शेकडो पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. मुंबईच्या मिशनऱ्यांनीही त्यांचीच वाट धरली. त्यामुळे स्वतः वर्गणी जमवून बांधायला घेतलेली शाळेची इमारत जुन्या चर्चच्या हवाली करून त्यांना बाहेर पडावं लागलं. भाऊबंदकीत घर सोडावं लागलेल्या कोणत्याही कोकणी कुटुंबाला हे लगेच समजेल.

अशा वेळी, विल्सन इथे नसताना, सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मण विद्यार्थ्याने मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. नेस्बिट हे विल्सन यांच्यापेक्षा शांत, आणि त्यांचं मराठी असं की पडद्याआडून ऐकलं तर कोणी साहेब म्हणणार नाही, अशी त्यांची ख्याती. नारायणच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत नेस्बिट यांच्या आसऱ्याला आला. वय साधारण बारा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो मिशनऱ्यांमध्ये राहिला होता आणि जेवला होता.

वडिलांनी कोर्टाचं दार ठोठावलं. या वेळी निकाल उलटा लागला: मूल लहान आहे, ते बापाच्या ताब्यात द्यावं. चार वर्षांपूर्वी ज्या वयाच्या मापाने धनजीभाई मिशनला मिळाले, त्याच मापाने श्रीपत घरी गेला. मिशनच्या इतिहासात हा कडू घोट म्हणून येतो आणि तिथेच संपतो. जॉर्ज स्मिथ यांनी 1878 मध्ये लिहिलेलं विल्सन यांचं भलंमोठं चरित्र वाचताना मला हे जाणवलं. लेखकाची नजर कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत मुलाबरोबर जाते. मूल बापाचं बोट धरून घरी गेल्यावर काय, हे विचारायचं काम मराठी माणसांनीच केलं.

कारण घरी गेल्यावर खरा खटला सुरू झाला. ख्रिस्त्याच्या घरचं अन्न खाल्लेल्या ब्राह्मणाच्या मुलाला पंगतीत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकरांनी 'हो' म्हटलं. एल्फिन्स्टनचे अध्यापक, 'दर्पण'चे माजी संपादक, वय तिशीच्या आत-बाहेर. मुलाने अजाणतेपणी केलेल्या दोषाला प्रायश्चित्त असतं, ते देऊन त्याला परत घ्यावं, आणि शास्त्रालाही ते मंजूर आहे, अशी त्यांची बाजू. मुंबईच्या ब्राह्मणांत सरळ दोन तट पडले. सनातन्यांचं म्हणणं, एकदा बाटलं ते बाटलं. आज याला घेतलं तर उद्या मिशनमध्ये जेवून आलेला प्रत्येक जण पंगतीत बसेल. मुलाची बाजू घेणाऱ्या शास्त्रीबोवांवरच बहिष्काराची तलवार टांगली गेली.

माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते लपवत नाही. शास्त्रीबोवांना धर्म मोडायचा नव्हता. धर्म टिकवायचा तर त्याला परतीचं दार हवं, एवढंच त्यांना दिसलं होतं. मिशनऱ्यांशी भांडायचा हा मोरभटांपेक्षा कितीतरी शहाणा मार्ग होता. पण त्याची किंमत त्यांना पुढे मोजत राहायला फुरसतच मिळाली नाही. 1846 च्या मे महिन्यात, चौतिसाव्या वर्षी ते गेले.

त्या वादाची भूक मात्र शहरात उरली. 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली ती गुप्त. जातिभेद मोडायची शपथ घेणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे. हे वाचलं तेव्हा मला कँटीनमधला बनमस्का आठवला. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या घासावरून एका पोरासाठी दोन तट पडले, तोच घास आता मोठी माणसं दारं लावून, मुद्दाम, दीक्षा म्हणून घेत होती. सभेच्या सभासदांतले बाबा पदमनजी याच फ्री चर्चच्या शाळेत शिकलेले. 1854 मध्ये त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये विधवांच्या हालअपेष्टांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं. श्रीपतचा मोठा भाऊ नारायण पुढे जालन्याला गेला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने तिथे ख्रिस्ती झालेल्या दलितांचं बेथेल गाव वसवलं. 1873 मध्ये तो न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही बोलून आला.

कॉलेजचं पुढचं सगळं भरभराटीचं, म्हणून थोडक्यात. विल्सन परतले, शाळा खेतवाडीत स्थिरावली, 1861 मध्ये नव्या मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. 1868 मध्ये विल्सन स्वतः विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जन्मभर बायबल शिकवलेला माणूस धर्माला हात न लावणाऱ्या विद्यापीठाच्या खुर्चीत बसला, आणि तिथे कुणाचं काही बिघडलं नाही. 1875 मध्ये ते मलबार हिलवर वारले. चौपाटीसमोरची जॉन ॲडम्स यांनी आखलेली गॉथिक इमारत 1889 ची.  वसतिगृहाला नाव मिळालं ते मॅकिकन या प्राचार्यांचं.

आणि त्या वर्गांतून बाहेर कोण पडलं? बाळ गंगाधर खेर, मोरारजी देसाई. संस्कृत शिकवायला ह. दा. वेलणकरांसारखा पंडित. आज कॉलेज स्वायत्त आहे. तत्त्वज्ञान-इतिहासापासून जीवशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, माध्यम आणि व्यवस्थापनापर्यंत सगळं तिथे शिकता येतं. आवारात चॅपल आहे. माझ्या वेळी परीक्षेच्या दिवसांत तिथे शांत बसायला हिंदू मुलंच जास्त जात, कारण पंखे चांगले होते.

मला सगळ्यात चकित केलं ते दुसऱ्याच एका विद्यार्थ्याने. 1901 मध्ये विल्सन कॉलेजातून बी. ए. झालेला कोकणातला एक मुलगा. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तो धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिला आणि 1963 मध्ये भारतरत्न झाला: महामहोपाध्याय पां. वा. काणे. त्यांच्या ग्रंथाचा चौथा खंड 1953 चा. विषय आहेत पातक, प्रायश्चित्त, शुद्धी. कशाने माणूस बाटतो, कुठल्या स्मृतीत त्याला काय उपाय सांगितला आहे, कुठला निबंधकार सैल आणि कुठला कडक, सगळं शेकडो पानांत मांडलेलं. ज्या मिशनच्या शाळेपायी श्रीपतचं प्रायश्चित्त वादात सापडलं, तिथल्याच पदवीधराने प्रायश्चित्ताचा अख्खा कोश लिहून ठेवला. फक्त एकशे दहा वर्षं उशिरा.

तो खंड मी घरी आणला होता. आई मेथी निवडत बसली होती. तिला श्रीपतची सगळी गोष्ट सांगितली: भाऊ, कोर्ट, शास्त्रीबोवा, दोन तट. ती मधेच थांबवून म्हणाली, "बारा वर्षांचा म्हणालास ना?"

"हो."

"मग भूक लागली असेल. खाल्लं." आणि तिने पुढची जुडी सोडली.