पान एकच, चाय निराळी

लाखनीत आमचं किराण्याचं दुकान आहे आणि चायपत्ती आम्ही आजही सुटी तोलून देतो. "भाऊ, हिरव्या चायचं झाड वेगळं राहते का?" हा प्रश्न हल्ली फार येतो. वेगळं नसते. हिरवी, काळी, पांढरी, ऊलाँग, सगळ्या चाय कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांच्या. खुडल्यावर पानाचं काय करतात, त्यावर सगळं ठरते.

चिरून ठेवलेलं वांगं काळं पडते, तसंच चुरगाळलेलं चहाचं पान हवा लागून काळवंडते. खुडल्याबरोबर पान तापवलं की ही क्रिया थांबते आणि चाय हिरवी राहते. त्यासाठी चीनमध्ये ते बहुधा कढईत परततात, जपानात वाफवतात. अर्ध्यावर थांबवली तर ऊलाँग, पूर्ण होऊ दिली तर काळी. पांढरी म्हणजे कोवळे कोंब फक्त सुकवलेले.

आपल्या घरोघरी मांडतात ती काळी चाय, सीटीसी पद्धतीची. 1930 च्या सुमारास आसामात हे यंत्र आलं. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून निघते आणि त्याचे दाणे वळतात. दाणा लहान, म्हणून रंग आणि कडकपणा पटकन उतरतो आणि दुधापुढे हटत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीवर गंजभर चाय न्यायची तर हीच पाहिजे. दार्जिलिंगचं पान बहुतेक अखंड वळलेलं असते; त्याचं मोल सुगंधात आहे आणि दूध घातलं की तो सुगंध मरतो.

डस्ट म्हणजे कारखान्यातला झाडून काढलेला कचरा, हा समज मला मनापासून खटकतो. चाळणीतून उतरलेला सगळ्यात बारीक दाणा म्हणजे डस्ट. थोड्या पत्तीत जास्त कप निघतात, म्हणून ठेलेवाले तीच नेतात. घरासाठी मी मात्र दाणेदार पत्तीच सुचवतो. ती चटकन कडवट होत नाही.

भेसळीची शंका आली तर चिमूटभर पत्ती फिल्टर पेपरवर पसरून पाणी शिंपडा, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. चांगली पत्ती डाग सोडत नाही. रंग लावलेली लगेच सोडते.

परसातला गवती चहा मात्र या झाडाचा नव्हे. ते गवत आहे, त्यात कॅफीन नसते. आलं घालून उकळलेला तो मला स्वतःला फार आवडतो.

आणि हिरवी चाय नेली तर एवढं ऐका: ती दुधात उकळू नका. पाणी उकळून उतरवा, थोडं निवू द्या, मग पत्ती टाकून दोन-तीन मिनिटांत गाळा. उकळत्या पाण्यात ती कडूच होणार.