प्रश्नाला बंदी नको, उत्तराची सक्ती नको

डॉक्टर, रुग्ण आणि कायदा : लेखांक ७

केसपेपरवर लिहिलेली माहिती कुणाच्या मालकीची, हे मागच्या लेखात आपण पाहिलं. आज त्याच्या एक पायरी मागे जाऊ. ती माहिती लिहिली जाण्याआधी कुणीतरी ती विचारलेली असते. डॉक्टरांनी काय विचारावं आणि काय विचारू नये, हे कोण ठरवणार? अमेरिकेत या प्रश्नावर सहा वर्षं कोर्टकचेरी चालली आणि तिचं कारण होतं घरातली बंदूक.

माझी भाची टेक्ससमध्ये राहते. तिच्या मुलाला दोन वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ती त्याला नेहमीच्या तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. वाट बघत बसली असताना नर्सने हातात फॉर्म दिला. मूल दूध किती पितं, गाडीत लहान मुलांच्या सीटवर बसतं का, घराजवळ पोहण्याचा तलाव आहे का, घरात कुणी सिगारेट ओढतं का... आणि त्याच ओळीत पुढे, घरात बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते का? रात्री तिचा फोन आला. "मावशी, हे काय विचारतात गं? आमच्याकडे नाहीच, मी 'नाही'वर खूण केली. पण शेजारच्यांकडे आहे. त्यांना सांगावंच लागतं का? आणि लिहिलेलं जातं कुठे?"

का विचारतात, सांगावंच लागतं का आणि लिहिलेलं जातं कुठे, हे तिचे तीन प्रश्न आजच्या लेखाला पुरेसे आहेत.

का विचारतात?

२०२० साली अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांमध्ये बंदूक पहिल्या क्रमांकावर आली. तोवर तो क्रमांक वाहन अपघातांचा होता. २०२२ साली तिथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बातम्यांमध्ये शाळेतला गोळीबार दिसतो. बंद घरातली ती एकट्याची घटना दिसत नाही. डॉक्टरांना मात्र ती दिसते.

दोन वर्षांचं मूल ड्रॉवर उघडतं, उशीखाली हात घालतं, हाताला लागेल ते ओढतं. म्हणून बालरोगतज्ज्ञ सांगतात की घरात बंदूक नसलेली उत्तम. असलीच तर ती रिकामी करून कुलपात ठेवा आणि काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात ठेवा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा निराशेत असेल, तर हेच कुलूप आणखी मोलाचं ठरतं. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ निभावून गेला, तर माणूस वाचतो. आणि एकदा वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, असं अभ्यास सांगतात. माजी सैनिकांसाठीची तिथली सरकारी रुग्णालयं बंदुकीची कुलपं फुकट वाटतात, ती याच विचारातून.

सांगावंच लागतं का?

२०१० साली फ्लोरिडातल्या ओकाला गावी एक आई आपल्या बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. घरी पोहण्याचा तलाव आहे का, याचं उत्तर तिने दिलं. बंदुकीचं उत्तर मात्र दिलं नाही, हा माझा खासगी मामला आहे म्हणाली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधा.

त्या आईचा संताप मला समजतो. आजारी किंवा तान्ह्या मुलाला घेऊन दारात उभं असलेलं माणूस बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. अशा वेळी 'उत्तर द्या, नाहीतर निघा' म्हणणं ही सक्तीच झाली.

पण त्यावर राज्याने काढलेला उपाय रोगाहून जड निघाला. २०११ साली गव्हर्नर रिक स्कॉट यांनी एका कायद्यावर सही केली. वैद्यकीय काळजीशी किंवा सुरक्षिततेशी संबंध असल्याशिवाय डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारू नये, उत्तर कागदावर नोंदवू नये, या विषयावरून रुग्णाला विनाकारण सतावू नये आणि बंदूक बाळगतो म्हणून भेदभाव करू नये, असे चार नियम त्यात होते. मोडल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि परवान्यावर गदा. 'संबंध' कशाला म्हणायचं आणि 'सतावणं' कुठून सुरू होतं, हे सांगणार कोण? एवढ्या धास्तीत कुठला डॉक्टर विचारायला जाईल?

डॉक्टर आणि त्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. ग्लॉक या पिस्तुलाच्या नावावरून वर्तमानपत्रांनी खटल्याला 'डॉक्स विरुद्ध ग्लॉक्स' असं नाव देऊन टाकलं. न्यायाधीश मार्शा कुक यांनी कायद्याला स्थगिती दिली. वरच्या कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ आणि २०१५ मध्ये मिळून तीनदा राज्याच्या बाजूने निकाल दिला, दर वेळी वेगळी कारणं देऊन. अखेर १६ फेब्रुवारी २०१७ रोजी अकराव्या सर्किट अपील कोर्टाच्या पूर्णपीठाने दहा विरुद्ध एक अशा मतांनी पहिले तीन नियम रद्द केले.

न्यायाधीश अडालबर्टो जॉर्डन यांनी निकालपत्रात दाखवून दिलं, की पावणेदोन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या राज्यात विधिमंडळापुढे जेमतेम सहा किस्से होते, बाकी पुरावा नव्हता. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. खासगी डॉक्टरने प्रश्न विचारल्याने कुणाची बंदूक जात नाही. उलट डॉक्टरने काय बोलावं हे सरकार ठरवू लागलं, तर भाषणस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती मोडते. भेदभावाविरुद्धचा चौथा नियम मात्र कोर्टाने कायम ठेवला. म्हणजे फ्लोरिडात डॉक्टर विचारू शकतात, रुग्ण 'नाही सांगत' म्हणू शकतो आणि बंदूक आहे एवढ्याच कारणावरून त्याला दुय्यम वागणूक देता येत नाही.

लिहिलेलं जातं कुठे?

अनेकांची खरी भीती इथे आहे. आज संगणकावर चढलेली नोंद उद्या सरकारच्या यादीत गेली तर? देशभरातल्या बंदूकधारकांची केंद्रीय नोंदवही करायला अमेरिकेतल्या १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातही बंदुकीची माहिती सक्तीने गोळा करण्यावर बंधनं आहेत. रुग्णाची कागदपत्रं १९९६ च्या 'हिपा' कायद्याखाली गोपनीय असतात. पण ती तिजोरी नव्हे. कोर्टाचा हुकूम आला किंवा कुणाच्या जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका दिसला, तर ती उघडता येते. हे रुग्णाला आधीच सांगितलं पाहिजे. डॉक्टर ते सांगत नाहीत, तेव्हा भीतीला आयती जागा मिळते.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रश्नाला बंदी नको, पण उत्तराची सक्तीही नको. "मी हे सगळ्यांनाच विचारते. नसेल सांगायचं तर नका सांगू, पण घरात असेल तर कुलपात असू द्या," एवढं म्हटलं की काम होतं. उत्तर मिळालं नाही तरी सल्ला पोहोचतो, आणि जीव वाचवायचं काम सल्ला करतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर यवतमाळकडच्या एखाद्या घराची मोरी आठवा. साबणाच्या वडीशेजारी, हाताला येईल अशा फळीवर फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली असते. तिकडे ज्या जागी बंदूक आहे, त्याच जागी आपल्याकडे ती बाटली आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही म्हणून शेतकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा "दादा, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?" असं त्याला कुणी विचारतं का? आपल्याकडे विचारायला कायद्याची आडकाठी नाही. विचारायची सवय नाही, आणि विचारलंच तर ते हेटाळणीच्या सुरात न विचारण्याचं शिक्षण नाही. बाटली कुलपात किंवा शेतावरच्या पेटीत ठेवायला सांगणं हा सल्ला गोळ्यांच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्नाला बंदी नको, उत्तराची सक्ती नको, हेच मी भाचीला सांगितलं. तिने पुढच्या आठवड्यात शेजारणीला विचारलं, "आमचा मुलगा तुमच्याकडे खेळायला येतो. बंदूक कुलपात असते ना?" शेजारीण रागावली नाही. तिने आत नेऊन कपाटाला लावलेलं कुलूप दाखवलं.

*(पुढील लेखात : रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरने तिसऱ्याला केव्हा सांगायची? कॅलिफोर्नियातला १९७६ चा तारासॉफ निकाल)*