संगणकाचे कप्पे

मोठ्या पेढीत लाखभर खातेदार असतात. त्यांतील एकाने खिडकीशी येऊन आपला खातेक्रमांक सांगितला, की त्याची शिल्लक तत्काळ सांगता आली पाहिजे. १,००,००० खाती पहिल्यापासून एकेक चाळीत गेल्यास सरासरीने ५०,००० खाती पाहावी लागतील. ती क्रमाने लावून, शब्दकोशात शब्द शोधतात त्याप्रमाणे दर वेळी निम्मा भाग वगळीत गेले, तर फार तर १७ वेळा पाहून काम भागते. संगणकाला ह्याहूनही जवळची वाट ठाऊक आहे.

ती वाट हान्स पीटर लून ह्यांनी सुचविली. हे गृहस्थ मूळचे जर्मनीचे; कापडातील धागे मोजण्याचे साधन त्यांनी तयार केले होते. पुढे ते अमेरिकेतील आयबीएम ह्या कंपनीत संशोधक झाले. जानेवारी १९५३ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी म्हटले, की नोंद कोठे ठेवावयाची हे तिच्या खुणेवरूनच गणिताने ठरवावे. पेढीच्या उदाहरणात खातेक्रमांक ही खूण आणि शिल्लक ही नोंद होय.

समजा, ० ते ९६ असे ९७ कप्पे आहेत. ४१२७ ह्या खातेक्रमांकास ९७ ने भागले असता बाकी ५३ उरते. म्हणून त्याची नोंद ५३ क्रमांकाच्या कप्प्यात ठेवावयाची. पुढे ती हवी झाली, की पुन्हा तोच भागाकार करावयाचा आणि नेमका तोच कप्पा उघडावयाचा. इतर कप्प्यांकडे पाहण्याचे कारणच पडत नाही! खूण म्हणून एखादे नाव असले, तरी अक्षरांना अंक देऊन हेच साधता येते.

परंतु ५०९७ ला ९७ ने भागले तरी बाकी ५३ च उरते. कप्प्यात नुसती शिल्लक ठेवली असती, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावे सांगितले गेले असते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर तिची खूणही ठेवतात. एका कप्प्यात आलेल्या नोंदींची साखळी करतात आणि खूण तंतोतंत जुळेल तीच नोंद घेतात. अर्थात साखळ्या आखूड हव्यात. ९७ कप्प्यांत लाख खाती कोंबली, तर एकेका कप्प्यात हजारावर नोंदी होतील आणि पुन्हा चाळणे आलेच. ह्यास्तव नोंदी वाढल्या, की संगणक अधिक कप्पे करून सर्व नोंदींची नव्याने वाटणी करतो. ह्या सोयीपायी क्रम मात्र गमवावा लागतो. लागोपाठचे खातेक्रमांक हवे असतील, तर ही रचना कामाची नाही.

दुष्ट हेतूने सर्व खुणा एकाच कप्प्यात पडतील अशा निवडून पाठविल्या, तर बलाढ्य संगणकही अडकून पडतो. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथे दोन संशोधकांनी हा धोका जाहीरपणे दाखवून दिला. त्यानंतर पायथॉनसारख्या भाषांत कप्पा ठरविण्याच्या गणितात एक गुप्त संख्या मिसळली जाऊ लागली. कार्यक्रम सुरू होताना ती दर वेळी नवी निवडली जाते. त्यामुळे कोणती खूण कोणत्या कप्प्यात पडेल, हे बाहेरच्या माणसास आधी ओळखता येत नाही.